सतरा बरोबर

रेणूनं प्रश्न मराठीत उतरवून धाडले, तीनशे दहा.
शेजारच्या बसवराजानं खानापुरात छापून आणले
आणि दाभणानं कोपरा टोचून, सुतळी ओवून दिली.
रोज रात्री भांडी पालथी घातली की
मी चष्मा लावून विचारतो.
ती तिकडं लाइपझिगात, दवाखान्यातनं आत्ताच आलेली,
बूट काढता काढता सांगती.

विचारतो. आम्ही बायकाही तसंच म्हणतो इथं.
पुण्याच्या होस्टेलात पोरींनी चिडवलं त्यावरनं रेणूला,
महिनाभर येते-जाते करून बघितली बिचारी,
सुट्टीला गर्लगुंजीच्या फाट्यावर उतरली
आणि पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली,
आई, आलो.

राज्यं किती? सोळा.
मत कितव्या वर्षी? अठरा.
भिंत कधी बांधली? एकसष्ट साली.
मागनं एका रात्रीत लोक चढले म्हणे तिच्यावर,
ते कागदावर नाही, रेणूनं सांगितलं.
तेहतीस विचारणार, एक तास देणार,
सतरा बरोबर आले की पास.
एवढ्यात देश मिळतोय म्हण की, म्हटलं.
नाही गं, पगाराचे कागद पण लागतात. आणि भाड्याचे.

मला कुणी काही विचारलं नव्हतं.
छप्पन साली आईच्या पोटात होतो,
भाताच्या कापणीत कधीतरी मुंबई राज्य संपलं,
आईला आठ दिवसांनी कळलं, तेही बाजारात.
मी आलो तो म्हैसूर राज्यात.
लग्न होऊन या घरात आलो तर म्हणाले कर्नाटक.
धुणं मात्र त्याच ओढ्याला.
शाळेत पोरांची खिचडी शिजवली एकवीस वर्षं,
हजेरी कन्नडात, तिखट-मीठ मराठीत.

शेवटचे प्रश्न तिच्या तिथल्या राज्याचे.
ढालीवर काय? काळे-पिवळे पट्टे, वरनं हिरवी तिरकी पट्टी.
मग तीच म्हणाली, आई, आपल्या राज्याच्या चिन्हावर काय असतं?
पाखरू, म्हटलं. बसच्या कुशीवर असतंय की.
एक धड, दोन तोंडं,
एक बेळगावकडं बघतंय, एक चोर्ल्याच्या घाटाकडं.
ती हसली. मी नाही हसलो,
खरंच तसं उभं असतंय ते, आमच्या स्टॉपवर गाडी थांबली की.

प्रश्न एकशे काहीतरी. विरोधी पक्षाचं काम काय?
सरकारवर नजर ठेवणं.
हे मला आवडलं. दोनदा विचारलं तिला.
त्याच आठवड्यात ग्रामसभा होती,
गेलो, पहिल्यांदाच, पदर खोचून,
आणि विचारलं, टाकीचे पैसे आले ते गेले कुठं?
साहेब कन्नडात म्हणाला, बरेदु कोडि.
लिहून द्या. कुठल्या भाषेत, ते बोलला नाही.
मी वर मराठीत लिहिलं,
खाली बसवराजानं कन्नडात,
माझं वाक्य चार शब्दांचं, त्याचं तीन ओळींचं झालं.
काय रे घातलास जादा? तर म्हणाला, आक्का, नमस्कार.

एकतीस बरोबर आले.
दोन कुठले चुकले ते सांगत नाहीत तिथं.
आता इथला पासपोर्ट परत द्यायचा, वकिलातीत जाऊन.
त्यावर भोक पाडून देतात म्हणे आठवणीला.
मी विचारलं, आणि जन्मगाव?
ते राहतंय, आई. नव्या वहीत पण छापतात.
कसं लिहिणार गं ते लोक गर्लगुंजी?
जमेल तसं, म्हणाली.

सुतळीतले कागद अजून खुंटीला आहेत.
रात्री सवयीनं चष्मा हातात येतो.
टाकीचं उत्तर आलं नाही, साहेब बदलला,
नवा हुबळीचा आहे, त्याला परत लिहून द्यायला पाहिजे.
काल फोन लवकर संपला, तिला नाइट ड्युटी.
आई, ठेवतो, म्हणाली.
ठेव बाळा, म्हटलं.
मग एकटाच बसून पहिल्यापासनं विचारत गेलो,
सतराव्याला झोप आली.